मातीतलं ताबो

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जाणाऱ्या गाड्या ताबो गावात जेमतेम तासभर थांबतात. तिथल्या बौद्ध मठाच्या आवारात फोटो, आतल्या अंधाराबद्दल थोडी कुरकुर, रस्त्यावर मॅगी आणि लगेच काझाकडे रवाना. आम्ही मुक्कामच तिथे टाकला. त्याचं श्रेय मामांना. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे बीड जिल्ह्यातले, जुन्या बांधकामाचं भारी वेड. ताबोचा मठ इसवी सन 996 मधला, मातीचा आहे आणि अजून वापरात आहे, असं मी जेवताना सहज बोलून गेले. मामांचा घास हातातच राहिला. "मातीची भिंत हजार वर्षं? दाखव मला." मामींची अट एकच होती, रोज सकाळी गरम पाणी मिळालं पाहिजे.

सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडला. पावसाळ्यातल्या दरडींचा जोर तोवर ओसरतो, थंडी सोसवते आणि सफरचंदं झाडावर असतात. सिमला, सराहन, कल्पा असे मुक्काम करत वर सरकलो. तिथवरचं वर्णन बऱ्याच जणांनी लिहून ठेवलंय, त्यामुळे थेट कल्पाच्या पुढून सुरू करते.

त्याआधी एक सल्ला. मनालीहून कुंझुम खिंडीतून स्पितीत उतरता येतं, पण त्या रस्त्याने एकदम उंची गाठली जाते. शिवाय हिवाळ्यात आणि बर्फ वितळेपर्यंत ती खिंड बंदच असते. सोबत साठीची माणसं असतील तर सरळ किन्नौरमार्गे जा. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. भारतीयांना या रस्त्यावर परवाना लागत नाही, फक्त आधार कार्ड हाताशी ठेवा, सुमदोच्या चौकीवर नोंद होऊ शकते. परदेशी पाहुणे बरोबर असतील तर त्यांचा परवाना आधी काढावा लागतो.

कल्पा ते नाको

रेकाँग पिओच्या बाजारात मामींनी चिलगोजे घेतले. किन्नौरच्या या भागात चिलगोज्याच्या पाइनची जंगलं आहेत, त्यामुळे इथे ते ताजे मिळतात. सोलून खायला मात्र नखं मजबूत लागतात. आमचा चालक किन्नौरचाच, बाविशीचा पोरगा. "गाडी में खाओ आंटी, टाइमपास हो जाएगा," म्हणाला. त्याला पुढचं कळलं होतं की काय कोण जाणे, कारण पूहच्या अलीकडे रस्त्यावर दरड आली होती आणि आमच्या पुढे गाड्यांची ही रांग!

दोन-अडीच तास तिथेच. एका बाजूला सतलजचा गढूळ लोंढा, दुसऱ्या बाजूला उभा उघडा डोंगर, त्यावरून अधूनमधून खडे टपटपत होते. पहिला अर्धा तास सगळे गाडीत बसून होते. मग माणसं उतरली आणि रस्त्याची चावडी झाली. काझाला जाणारी हिमाचलची सरकारी बस आमच्या मागेच उभी होती. त्यातून उतरलेल्या स्पितीच्या एका आजींनी मामींच्या ओंजळीत काही न बोलता भाजलेले जव ओतले. मामींनी डब्यातला चिवडा पुढे केला. आजींनी तो हुंगून पाहिला, एक चिमूट तोंडात टाकली, आणि पुढचा अर्धा डबा बसमधल्या सगळ्यांना फिरवून रिकामा करून आणला. कढीपत्ता मात्र सगळ्यांनी वेचून बाहेर टाकला.

मामा दरडीपर्यंत चालत गेले. डोझरवाल्याचं काम बघून परत आले आणि म्हणाले, "वरून माती ढिली आहे. हा आज काढील, उद्या परत येईल." चालकाने मान डोलावली. इथे सगळ्यांनाच ते माहीत असतं.

वाट मोकळी झाल्यावर खाबला पोहोचलो. सतलज तिबेटातून येते आणि स्पिती नदी तिला इथे भेटते. पूल ओलांडला की सतलज सुटते आणि पुढचा सगळा प्रवास स्पितीच्या सोबतीने. झाडं संपतात. ‘का’ नावाच्या गावाकडची वळणं चढताना खाली पाहिलं तर आपण आलो तो रस्ता दोरीसारखा पडलेला. मामींनी डोळे मिटून घेतले ते नाको आल्यावरच उघडले.

नाको 3,660 मीटरवर. त्या दिवशी डोकं थोडं जड झालं, भूक मेली. थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप प्यायलो, लवकर झोपलो. सकाळी गावातलं तळं, त्याभोवतीची विलोची झाडं आणि मागे रिओ पुर्ग्युलचा हिमाच्छादित डोंगर पाहून सगळी मरगळ गेली. हे 6,816 मीटरचं शिखर हिमाचलातलं सर्वांत उंच. नाकोचं जुनं मंदिरही ताबोच्याच काळातलं आणि तेही रिनचेन झांगपो या तिबेटी भिक्खूच्या नावाशी जोडलेलं. हे नाव पुढे पावलोपावली भेटणार होतं.

नाको ते ताबो, वाटेत ग्यु

नाकोहून रस्ता पुन्हा नदीपर्यंत उतरतो. चांगोच्या आसपास सफरचंदाच्या बागा लागतात. नुसत्या राखी डोंगरांनंतर ते हिरवे चौकोन डोळ्यांना फार बरे वाटतात. सुमदोला पारेछु नदी स्पितीला मिळते. मामांनी गाडी थांबवायला लावली. 2004 मध्ये तिबेटात दरड कोसळून पारेछु अडली आणि मोठं तळं तयार झालं. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते फुटलं आणि सतलजच्या खोऱ्यातले पूल, रस्ते वाहून गेले. खात्यात असताना मामांनी या पुराबद्दल वाचलं होतं. आता ते कठड्यापाशी उभे राहून त्या शांत, उथळ पाण्याकडे बघत होते. "ही एवढीशी?" असं दोनदा म्हणाले.

मुख्य रस्ता सोडून आठेक किलोमीटर आत ग्यु गाव आहे. तिथे काचेच्या पेटीत एका भिक्खूचं शरीर ठेवलंय. गुडघे जवळ घेऊन बसलेलं, दात आणि डोक्यावरचे केस दिसतात. कोणीही मसाले भरून ते जपलेलं नाही, इथल्या कोरड्या थंड हवेत ते आपोआप राहिलं. अभ्यासकांच्या मते ते पाचेकशे वर्षांपूर्वीचं आहे. 1975 च्या भूकंपात ते ज्या थडग्यात होतं ते उघडं पडलं. गावातले लोक सांगतात की गावात विंचवांचा सुळसुळाट झाला तेव्हा या लामाने समाधी घेतली आणि विंचू गेले. मामींनी मनापासून हात जोडले. मला तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी नकोशी झाली. ग्युचा फाटा चुकवू नका, पण पेटीसमोर सेल्फी काढण्याआधी आपण कोणाच्या घरी आलोय याचा विचार करा.

दुपारी तीनच्या सुमारास ताबो. दरी इथे अचानक रुंद होते. एका अंगाला नदी, मध्ये सपाटीवर बागा आणि घरं, आणि रस्त्याच्या वरच्या बाजूला पिवळट डोंगरकड्यात ओळीने काळी भोकं. त्या गुहा. आणि मठ? मठ शोधावा लागतो, कारण तो कुठल्याही टेकाडावर नाही. ‘की’ किंवा धनकरसारखा कड्यावर टांगलेला मठ डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्यांची इथे निराशा होते. गावाच्या मधोमध मातीची कुंपणभिंत, आत मातीच्या बुटक्या, बिनखिडक्यांच्या इमारती आणि मातीचेच स्तूप.

मामा आवारात शिरले, भिंतीला हात लावला, मान वर करून छताची कड बघितली आणि ओरडलेच, "अगं, हे तर आपलं माळवद!"

मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लाकडी तुळया, त्यावर काटक्या, त्यावर मातीचा थर, चारी बाजूंनी जाड भिंती. मामांचं बालपण अशाच घरात गेलं. त्या संध्याकाळी ते नुसते भिंतीभोवती फिरत होते. पन्हाळी कुठे आहे, पाणी भिंतीपासून किती लांब पडतं, पायापाशी ओल येते का, सगळं तपासून झालं. मठाचा कुत्रा इमानाने मागे मागे.

ताबो: मठाच्या आत

सकाळी सहाच्या सुमाराला नव्या प्रार्थनागृहात पूजा असते. ही इमारत 1975 च्या भूकंपात जुन्या मंदिरांचं नुकसान झाल्यावर बांधलेली. 1983 मध्ये आणि मग मठाला हजार वर्षं झाली तेव्हा 1996 मध्ये दलाई लामांनी इथे कालचक्र दीक्षेचा सोहळा केला. पाहुण्यांना मागे बसू देतात. लहान भिक्खू पेंगत पेंगत मंत्र म्हणत होते. एकाच्या हातात चहाची किटली, तो ओळीतून फिरत आमच्याही पेल्यात ओतून गेला. लोण्याचा, मिठाचा चहा. मामींना वाटलं दूध नासलंय. मी म्हटलं, चहा समजू नका, पातळ सूप समजा. मग त्यांनी दुसरा पेला मागून घेतला.

जुन्या मंदिराची किल्ली एका लामांकडे असते. ते येईपर्यंत वाट बघायची. सगळ्यात मोठं मंदिर म्हणजे त्सुगलाखांग. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. छतातल्या झरोक्यातून मध्यभागी थोडा उजेड, बाकी काळोख. फोटो काढायला बंदी आहे आणि ती असावीच. विजेरी मात्र न्या, मोबाइलची नव्हे, हातातली साधी. आणि घाई करू नका. पंधरा मिनिटं झाली की डोळे तयार होतात.

आधी दिसतात त्या भिंतीतून पुढे आलेल्या मूर्ती. माणसाएवढ्या, मातीच्या, रंगवलेल्या, डोक्याच्या वरच्या उंचीवर चारी बाजूंनी बसलेल्या. मध्ये एकाच कमळावर पाठीला पाठ लावून चार दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. तिसांहून जास्त मूर्तींचं हे मंडल कागदावर नाही, कापडावर नाही, तर अख्ख्या खोलीत मांडलेलं आहे आणि आपण त्याच्या आत उभे असतो.

मूर्तींच्या खाली चित्रांचा पट्टा. एका बाजूला बुद्धाचं चरित्र, दुसऱ्या बाजूला सुधनाची यात्रा. गंडव्यूह या बौद्ध सूत्रातला हा श्रेष्ठीपुत्र ज्ञान शोधत पन्नासहून जास्त गुरूंकडे जातो. त्यात भिक्खू आहेत, राजे आहेत, तसा एक नावाडी आहे, वाळूत खेळणारा मुलगा आहे, वसुमित्रा नावाची गणिका आहे. लामांनी विजेरीचा झोत एकेका चौकटीवर नेला. सुधन प्रत्येक ठिकाणी हात जोडून उभा. चेहरे गोल, अंगरख्यांवरची नक्षी इतकी बारीक की कापड ओळखता यावं. ही काश्मिरी वळणाची चित्रकला आहे. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने एकवीस तरुणांना काश्मीरला शिकायला पाठवलं आणि त्यातले फक्त दोनच जिवंत परतले, अशी परंपरा आहे. बाकीचे उष्णतेने आणि आजाराने गेले. परतलेल्यांपैकी एक रिनचेन झांगपो, पुढचा मोठा भाषांतरकार. त्याच्या नावावर 108 मठ सांगतात. येशे-ओ स्वतः प्रवेशखोलीच्या भिंतीवर आपल्या मंडळींसह चितारलेला आहे, आणि स्थानिक रक्षक देवीलाही इथे जागा मिळालीय. मामी लगेच म्हणाल्या, "ग्रामदेवतेला सोडून कोण राहील?"

1042 मध्ये येशे-ओच्या पुतण्याच्या मुलाच्या पिढीतल्या जांगचुब-ओने मंदिर पुन्हा सजवलं, तसा लेखच आत आहे. म्हणजे बांधून अर्धशतकही झालं नव्हतं तोवर पहिली डागडुजी. मामांना ही माहिती सगळ्यात आवडली. "बरोबर आहे. मातीला चाळीस-पन्नास वर्षांनी हात लावावाच लागतो."

चित्रांवरून काही ठिकाणी तपकिरी ओघळ उतरलेले दिसतात. छतातून झिरपलेलं पाणी. लामा म्हणाले, पूर्वी इथे पाऊस पडायचाच नाही, बर्फ पडायचं, ते फावड्याने खाली ढकलायचं. आता पाऊस पडतो. मातीच्या छतावर साचलेलं बर्फ चालतं, पाऊस चालत नाही.

ताबो: डोंगरातल्या खोल्या

दुपारचं जेवण घरीच. आमची घरमालकीण, सगळे तिला दीदी म्हणत, राजमा-भात करायची. कधी तिंगमो, म्हणजे वाफवलेला, पदर सुटणारा पाव आणि बटाट्याची भाजी. मामींचा तिच्याशी सूर पहिल्याच दिवशी जुळला होता, निमित्त सफरचंदं. ओसरीत ढीग, शेजारी पुठ्ठ्याच्या पेट्या. दीदी एकेक फळ हातात घ्यायची, देठाशी बोट फिरवायची, क्षणभर तोलायची आणि न बघता तीनपैकी एका ढिगात टाकायची. मोठी, मधली, आणि डाग पडलेली. डागाची चिरून पत्र्यावर वाळत घालायची, हिवाळ्यासाठी. मामींनी तासाभरात तिची बोटं उचलली. दुसऱ्या दिवशी दीदीने त्यांनी निवडलेल्या ढिगातली फक्त दोन फळं बदलली.

ऊन उतरल्यावर मी आणि मामा गुहांकडे गेलो. रस्ता ओलांडून वर चढायचं, वाट आहे पण भुसभुशीत. चांगले बूट हवेत. ही उंची सुमारे पावणेअकरा हजार फूट, त्यामुळे दहा पावलांवर थांबलं तरी लाज वाटू देऊ नका. दुपारनंतर दरीत वारा सुटतो आणि डोळ्यांत धूळ जाते, तेव्हा सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जा.

अजिंठा-वेरूळ बघितलेल्या माणसाने गुहा म्हटल्यावर खांब, कमानी, चैत्य असं काही शोधू नये. या राहायच्या खोल्या. कड्याची दगडगोटे मिसळलेली माती कोरून पोकळी केलेली, तोंडाशी मातीची भिंत, वाकून शिरावं लागेल असं दार. आत छत काजळीने काळं कुळकुळीत. भिंतीत कोनाडे, एक दिव्याचा असावा, एक सामानाचा. शेजारच्या खोलीत जायला पोटऱ्यांएवढ्या उंचीचा उंबरा. काही खोल्या वर-खाली अशा मजल्यांनी जोडलेल्या. मध्ये जमण्याची मोठी गुहा. मी आत बसले तेव्हा बाहेरचा वारा एकदम बंद झाला आणि पाठीला भिंतीची ऊब लागली. दिवसभराचं ऊन त्या मातीत मुरलेलं होतं. कड्याचं तोंड दक्षिणेला, हिवाळ्यातलं तिरपं ऊन थेट दारात. खाली मठाच्या आवारात त्या वेळी सावली पडली होती.

जागा निवडणाऱ्याला सूर्य कळत होता, असं मामांचं म्हणणं. मी तर पुढे जाऊन म्हणते, या गुहा बघितल्याशिवाय खालचा मठ कळतच नाही. चित्रं आणि मूर्ती एका ठिकाणी, आणि त्यासमोर रोज बसणारी माणसं वर, धुरात आणि थंडीत. दोन्ही मिळून एकच वस्ती.

किल्लीवाले लामा तिथेच भेटले, कोणा पाहुण्यांना घेऊन आले होते. आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर हसले. ताबोला सगळे हिमालयातलं अजिंठा म्हणतात, ते अजिंठा त्यांनी पाहिलेलं होतं, यात्रेच्या वेळी. चित्रं फार सुंदर आहेत म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "वहाँ पूजा कौन करता है?"

मी म्हटलं, कोणी नाही, पुरातत्त्व खातं आहे, तिकीट आहे. ताबोही पुरातत्त्व खात्याच्याच संरक्षणात आहे, पण त्यांना हे उत्तर काही पटलं नाही. दिवासुद्धा नाही? दिवासुद्धा नाही. पुढचं सगळं मी मनात बोलले. अजिंठ्याचा खडक माणसाशिवाय शतकानुशतकं उभा राहू शकला, 1819 मध्ये इंग्रज शिकाऱ्यांना ती लेणी पुन्हा दिसेपर्यंत वाघोरा नदीच्या त्या वळणावर फारसं कोणी फिरकत नव्हतं. हिमालयातलं अजिंठा हे विशेषण म्हणूनच मला उथळ वाटतं. मातीचं मंदिर रिकामं सोडलं असतं तर दोन-तीन पिढ्यांत ढिगारा झाला असता. साम्य आहे ते वेगळ्याच जागी, आणि ते मामांनी सांगितलं. अजिंठ्याचा रंगही थेट खडकावर नाही, आधी मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा कोंडा आहे. दोन्हीकडे चित्रं मातीवरच.

ताबो: पाऊस

त्या रात्री पाऊस आला. आपल्या हिशेबाने भुरभूरच. पण मध्यरात्री घरातले सगळे उठले. वर पावलांचा आवाज, दीदीचा नवरा टॉर्च घेऊन छतावर. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक पातेलं आलं, मग दुसरं. मामा स्वेटर चढवून शिडीने वर गेले आणि मामी खालून ओरडत राहिल्या, "अहो, तुम्ही पाहुणे आहात!"

सकाळी ऊन पडलं तेव्हा गावातल्या बऱ्याच छतांवर माणसं दिसत होती. दीदीच्या नवऱ्याने टोपलीतून चिकणमाती आणली, पाणी मारून पायाने तुडवली आणि जिथे भेग होती तिथे पसरून फावड्याच्या पाठीने बडवायला सुरुवात केली. मामांना राहवेना. आमच्याकडे पांढरी माती वापरतात, ती पाणी खाली जाऊ देत नाही, असं त्यांनी हिंदी-मराठीत समजावलं. तो म्हणाला, आमच्याकडेही मिळते, पण वरच्या डोंगरातून आणावी लागते आणि आता पोरं काझाला आणि चंदीगडला, आणणार कोण? शेजारच्या घराने छतावर पत्रा टाकला होता. गळत नाही, पण हिवाळ्यात घर थंडगार पडतं म्हणून वहिनी कुरकुरते, हेही त्याने हसत सांगितलं.

मठात गेलो तर लामा विजेरी घेऊन एकेका मंदिराच्या छताची कड आणि भिंतींचे कोपरे बघत फिरत होते. एका कोपऱ्यात बोट टेकवलं, वास घेतला, "सुखा है," म्हणाले आणि पुढे गेले. मोठ्या मैत्रेयाच्या, म्हणजे भावी बुद्धाच्या, मंदिरातही तेच. वीसेक फुटांची बसलेली मूर्ती, आणि हा माणूस तिच्याकडे न बघता मागच्या भिंतीची ओल तपासतोय.

राहण्याबद्दल: मठाचं स्वतःचं अतिथीगृह आहे, साधं आणि स्वच्छ. गावात घरगुती सोयही भरपूर. गरम पाणी बादलीने मिळतं, नळाला अपेक्षा ठेवू नका. नेटवर्क येतं-जातं. रोख पैसे जवळ ठेवा. पेट्रोल पिओच्या बाजूला भरलं की थेट काझालाच. स्वतःची गाडी नसेल तर पिओहून काझाला जाणारी बस पहाटे निघते आणि ताबोवरून जाते, जागा हवी तर आदल्या दिवशीच चौकशी करा. आणि छरम्याचा, म्हणजे सी-बकथॉर्नच्या फळांचा रस जरूर प्या, नारिंगी, आंबट, जिभेला झिणझिण्या आणणारा.

धनकर, आणि काझा

निघताना दीदीने एक पेटी गाडीत ठेवली. पैसे घेतले, पण मामींनी निवडलेल्या ढिगातलीच फळं दिली.

शिचलिंगहून वर फाटा फुटतो. धनकर 3,890 मीटरच्या आसपास, पिन आणि स्पिती नद्यांच्या संगमावर झेपावलेल्या कड्याच्या टोकाला. एके काळची स्पितीची राजधानी. फोटोत धनकर जिंकतं, यात वाद नाही. मातीचे सुळके, त्यांच्या मधोमध मठ, खाली दोन नद्यांच्या वेण्या. पण सुळके झिजतायत आणि मठही त्यांच्याबरोबर. 2006 मध्ये जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत याचं नाव आलं होतं. मामांनी कड्याच्या बुडाशी वाकून पाहिलं. "इथे बांधायला मी परवानगी दिली नसती." मामी म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही तेव्हा नव्हता."

काझाला पोहोचलो तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम चार दिवसांचे निरोप वाजायला लागले. मामांनी पहिला फोन गावी, धाकट्या भावाला लावला. जुन्या घराचं माळवद पाडून स्लॅब टाकायचं ठरलं होतं, ते थांबव म्हणाले. बराच वेळ पलीकडून ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर मामींनी विचारलं, काय म्हणाले भाऊजी?

"म्हणतो, दादा, माती टाकायला गावात माणूस मिळंना. मे महिन्यात तुम्हीच या मग टोपली घेऊन."